एकदा दाबलं तर हो

तिने बोट टेकवले आणि चटका बसताच झटकन कानाच्या पाळीला लावले. टेबलावर रेडिओचा सेट उघडा पडला होता. झाकण एकीकडे, चार स्क्रू चहाच्या बशीत, आणि मागच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीला टेकवून बसवलेला तो काळा ट्रान्झिस्टर. बोटाच्या पेराएवढा, दिसायला अगदी गरीब, पण हात म्हणून लावू देत नव्हता.

"नुसता पेटलाय," ती म्हणाली.

"एक थाप हाणा," दारातून टँकरवाला म्हणाला. "माझ्या गाडीतला टेप थापेवरच चालतो."

टँकरवाला वरच्या फाटकाशी अडकून पडला होता. फाटकापासून रस्ता डोंगराच्या कडेने नऊ वळणे घेत खाली उतरत होता, आणि तो इतका अरुंद होता की एका वेळी एकाच बाजूची वाहने सोडावी लागत. आत्ता खालून एक रोडरोलर चढत होता. रोलरच तो, त्याला वर पोहोचायला तास तरी लागणार. तोवर गाडीत बसून उन्हात शिजण्यापेक्षा टँकरवाल्याने अडतीस पायऱ्या चढून केबिनीत येणे पसंत केले होते, आणि हाताला काम नसलेला माणूस दुसऱ्याच्या कामात जितका तरबेज होतो तितका तो झाला होता.

केबिनीत बसायची ती सून आणि खालच्या फाटकावर तिचे सासरे. एकोणतीस वर्षे वरचे फाटक त्यांनीच सांभाळले होते. गुडघ्यांनी अडतीस पायऱ्यांना नकार दिला तेव्हा त्यांनी खालच्या फाटकावर बदली मागून घेतली आणि वरची जागा रीतसर अर्ज करून सुनेला मिळाली. वळणांच्या आत मोबाइलला रेंज नव्हती. दोन फाटकांमध्ये बोलणे चाले ते या जुन्या सीबी रेडिओवर. तिने वरून सांगायचे, "लाल ट्रक सोडला, शेवटचा," त्यांनी खालून म्हणायचे, "पोचला." एवढेच काम. पण सुनेला एवढ्यावर कधी थांबता आले नव्हते. ट्रकच्या मागे काय लिहिले होते, ड्रायव्हर आज का रुसला होता, तिसऱ्या वळणावर ऊन कुठवर आले, सगळे ती सांगून टाकायची. सासरे ऐकून घेऊन म्हणायचे, "पोचला."

आठवडाभर सेट कुरकुरत होता. बोलायला लागल्यावर थोड्या वेळाने आवाज बसायचा. "सूनबाईंच्या बोलण्यानं सेटला ताप आला," अशी थट्टा पार ऑफिसापर्यंत गेली होती. सासरे परवा जेवता जेवता एवढेच म्हणाले होते, "कमी बोल." तिने ताटावरून मान वर केली नव्हती.

आज सकाळपासून तर दोन मिनिटे बोलले की सेट मुका. दहा मिनिटे गार होऊ दिला की पुन्हा दोन मिनिटे. आणि नेमका आजच दुपारी एक वाजता ट्रेलर यायचा होता. वरच्या गावाचा विजेचा ट्रान्सफॉर्मर जळून अकरा दिवस झाले होते, त्याचा बदली ट्रान्सफॉर्मर त्या ट्रेलरवर होता. बावीस चाकांचे ते धूड नऊ वळणांतून चढवायचे, तर वरच्या केबिनीतून कुणीतरी पाऊण तास अखंड सांगत राहायला हवे होते, कारण कठड्यापासून चाक किती लांब आहे ते फक्त इथून दिसे. ट्रेलरवाल्याच्या केबिनीतही असाच एक सेट होता. सेट चालला नाही तर ट्रेलर पायथ्यावरून परत जाणार होता.

स्पीकर खरखरला. "वर. उघडलास का? ओव्हर."

तिने माइक उचलला. "उघडला बाबा. तो मागचा ट्रान्झिस्टर इतका तापलाय की—"

"थांब." तिने श्वास घ्यायला बटण सोडताच सासऱ्यांचा आवाज आला. "तू बोलायचं नाही. ऐकताना तो तापत नाही, बोलताना तापतो. आवाज हवेत फेकायचं काम त्याचं. मी विचारतो. हो असेल तर माइकचं बटण एकदा दाब. नाही असेल तर दोनदा. कळलं?"

तिने बटण एकदा दाबले. टक.

टँकरवाल्याला हे फारच आवडले. तो दारातला आत येऊन स्टुलावर बसला.

घरात सासऱ्यांचे दिवसाचे शब्द मोजायचे म्हटले तर एका हाताची बोटे पुरली असती. पुरे. आलो. बघू. झोपतो. आणि आता बोलायचे होते ते त्यांनी आणि गप्प राहायचे होते ते तिने. सेटने दोघांचीही चांगलीच जिरवली होती.

"अँटेनाची वायर मागून काढ. टोकाला हिरवट काही आलंय?"

तिने वायर काढून खिडकीच्या उजेडात धरली. टोक स्वच्छ होते. वायर पुन्हा घट्ट बसवून तिने कळवले. टक टक.

"मीटर लाव. बॅटरी साडेतेरा व्होल्ट दाखवते?"

टक.

"हं."

सासरे विचार करतानाही बटण दाबूनच ठेवत. त्यामुळे खालच्या केबिनीतले घड्याळ तिला ऐकू येत होते, आणि कुठेतरी एक चिमणी.

"आता असं कर. मागच्या भिंतीवर तळहात ठेव. पत्र्यावर हं, ट्रान्झिस्टरवर नको. गरम लागते?"

लागणारच, असे म्हणत तिने हात ठेवला आणि तिच्या भुवया वर गेल्या. भिंत गार होती, पहाटेच्या फरशीसारखी. टक टक.

"गार?" घड्याळाची चारदा टिकटिक. "नक्की गार?"

टक.

"मग सापडलं," सासरे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तिने कधी न ऐकलेली एक उकळी होती. "ट्रान्झिस्टरची ऊब त्या भिंतीत जायला हवी. भिंत मोठी, ती वाऱ्यावर सोडून देते. दोघांच्या मधे अभ्रकाचा पातळ पापुद्रा असतो. वीज पलीकडे जाऊ नये, ऊब जावी, म्हणून. तिथंच काहीतरी अडलंय. वीज बंद कर, स्क्रू ढिला कर, ट्रान्झिस्टरची धातूची जीभ हळूच उचल आणि मधे काय आहे ते बघ. बघून झालं की होतं तसं बसव आणि सेट चालू कर."

तिने तसे केले. लग्नाआधी दोन वर्षे ती मिक्सर, पंखे दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होती. स्क्रू कसा फिरवायचा, पाते कुठे टेकवायचे, हे तिला कुणी सांगायला नको होते. टँकरवाल्याने मोबाइलचा उजेड धरला. जीभ किंचित वर आली आणि खाली काहीतरी दुधट, मऊ, कडेला वितळून गोळा झालेले दिसले. ते अभ्रक खासच नव्हते.

तिने तुकडा होता तसा सरकवला, स्क्रू आवळला, सेट लावला. टक.

"बघितलंस? अभ्रक आहे?"

टक टक.

"नाही? मग काय, कागद?"

टक टक.

"प्लास्टिक?"

टक.

मग, सावकाश, "पिशवीचं?"

टक.

"त्याच्यावर... निळं काही छापलंय?"

तिने आणि टँकरवाल्याने एकमेकांकडे पाहिले. पापुद्र्याच्या एका कोपऱ्यात निळ्या अक्षराचे अर्धे वळण अजून शाबूत होते. टक.

खालून बटण सुटले. मग सासरे म्हणाले,

"तो माझाच उद्योग."

टँकरवाल्याने तोंडावर हात दाबला.

"सहा वर्षं झाली," सासरे सांगू लागले. "अभ्रक तडकला होता. ऑफिसातून दुसरा यायला दोन दिवस लागणार होते. म्हणून साखरेच्या पिशवीचा तुकडा कापून घातला. दोन दिवसांपुरता."

"मग दुसरा आला की नाही?" टँकरवाल्याने स्पीकरला विचारले, जसे काही खाली ऐकूच जाणार होते.

"दुसरा आला," सासरे म्हणाले. "जपून ठेवला. कुठं ठेवला ते आजतागायत आठवलेलं नाही. सेट चालत होता, मग राहून गेलं. मी दिवसाला बोलायचो किती? चार शब्द सकाळी, चार संध्याकाळी. त्यात काय तापणार? नंतर तू आलीस, आणि सेटला खरं काम लागलं." ते थांबले. "तुझ्या बोलण्यानं नाही तापला तो. माझ्या पिशवीनं तापला. ऑफिसला मी सांगतो तसं."

ती खिडकीकडे वळली आणि उगाचच पदराच्या टोकाने काच पुसू लागली. काच स्वच्छ होती.

"पण आता अभ्रक आणायचा कुठनं?" सासऱ्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "शहरातनं उद्या येईल. आज ट्रेलर परत पाठवावा लागणार. मी पायथ्याला निरोप देतो."

ती चटकन वळली. दुकानातल्या त्या दोन वर्षांत अभ्रक तिने कितीदा हाताळला होता! तो असायचा इस्त्रीच्या पोटात, तारेच्या वर आणि खाली, चकचकीत आणि ठिसूळ. इथे केबिनीत इस्त्री कुठली असायला? तरी तिने विचारलेच.

"तुमच्याकडे इस्त्री आहे?"

"आत्ता?" टँकरवाल्याने आपल्या चुरगळलेल्या शर्टाकडे पाहिले. मग त्याचा चेहरा विचित्र झाला. "आहे."

"आहे?"

"सीटखाली आहे. बंद पडलेली. तीन महिने झाले, बायकोनं दुरुस्तीला दिलीय. रोज विचारते. रोज सांगतो, कारागीर गावाला गेलाय."

"आणा."

"मोडणार तुम्ही?"

"मोडणारच."

"मग घरी काय सांगू?"

"सांगा, वरच्या गावाला वीज दिली."

हे उत्तर टँकरवाल्याला इतके पटले की त्या जाड माणसाने अडतीस पायऱ्या उड्या मारत उतरल्या. तिने माइक उचलला. मघापासून सेट गार होता, एक वाक्य परवडणार होते. ते तिने एका दमात म्हटले.

"बाबा, निरोप देऊ नका, इस्त्रीतला अभ्रक चालेल ना?"

"इस्त्री? तिथं इस्त्री कुठनं..." आणि पुढे नुसता खर्र खर्र असा आवाज. सेटमध्ये आणखी एक दोष निघाला म्हणून ती दचकली. तेवढ्यात टँकरवाला धापा टाकत इस्त्री घेऊन आला. त्याने कान देऊन ऐकले.

"हसतायत ते," तो म्हणाला.

हसू आवरल्यावर सासऱ्यांनी सगळे नीट समजावून सांगितले. अभ्रकाचे पदर नखाने सुटे होतात, त्यांतला सर्वांत पातळ घ्यायचा, तडा गेलेला नको. प्रथमोपचाराच्या पेटीत जस्ताचे पांढरे मलम असेल, ते दोन्ही बाजूंना चोळायचे, फासायचे नाही. स्क्रूखाली प्लास्टिकची बारीक चकती आहे, ती हरवली तर सगळे मुसळ केरात. शेवटी मीटर लावून खात्री करायची की जीभ आणि भिंत एकमेकींना कुठे शिवत नाहीत. "आणि घाई करू नकोस. घाईनं काय होतं ते मी एकदा पाहिलंय. मागाहून सांगतो. कर वीज बंद."

इस्त्री उघडताच जळक्या कापसाचा वास आला आणि पाठोपाठ अभ्रक निघाला, वहीच्या पानाएवढा, कडेला तांबूस, मधे काचेसारखा. तिने नख घातले. एक पदर सुटला, दुसरा सुटला, तिसरा इतका पातळ निघाला की फुंकरीने हलू लागला. टँकरवाल्याने श्वास रोखून धरला. कात्रीने तिने चौकोन कापला, खिळा फिरवून स्क्रूपुरते भोक पाडले, मलमाचा थेंब बोटाने चोळून चोळून जवळजवळ नाहीसा केला. पिशवीचा तुकडा चिमट्याने ओढून काढला आणि अभ्रक जागेवर सरकवला. चकती, स्क्रू, एक पीळ, आणखी अर्धा पीळ. मीटरचा काटा हलला नाही. बाहेर रोलर आला, तिने खिडकीतला दोर ओढून फाटकाचा दांडा उचलला आणि तो धुराळा उडवत वर निघून गेला, त्याच्या ड्रायव्हरला तिने खिडकीतूनच हात केला.

आता परीक्षा. ती सासऱ्यांच्या चॅनेलवर घ्यायची तिची छाती होईना. तिने बटण फिरवून एक रिकामे चॅनेल लावले, डाव्या हाताचे एक बोट ट्रान्झिस्टरवर आणि तळहात भिंतीवर टेकवला, उजव्याने माइक दाबला आणि काय बोलायचे तेच तिला सुचेना. एरवी तोंडाला पट्टी लावावी लागणारी बाई माइककडे नुसती बघत राहिली.

"द्या इकडं," टँकरवाला म्हणाला, आणि पाच मिनिटे आपल्या बायकोविषयी बोलला. तिचा आवाज, तिचे नियम, तिच्या हातची झणझणीत आमटी, तिने नवऱ्याच्या हाती दिलेल्या आणि कधीच परत न आलेल्या वस्तू. दोन मिनिटे झाली. तीन झाली. भिंत हळूहळू उबदार होत गेली, झोपलेल्या मांजराच्या पाठीइतकी. ट्रान्झिस्टरवरचे बोट तिने काढले नाही. काढायची गरजच पडली नाही.

"बास," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "बास, बास, झालं!"

"आत्ता कुठं माझा गळा मोकळा झाला होता," टँकरवाला म्हणाला.

तिने परत आपले चॅनेल लावले. खालून हाक चालूच होती. "वर. वर. आलीस का? बसवलंस?"

टक.

"चकती?"

टक.

"छान."

हा शब्द त्यांच्या तोंडून तिने आजवर ऐकला नव्हता. "रोलर पोचला असेल. खालून आता कुणी नाही, टँकर सोड. मग अर्धा तास काही बोलू नकोस, मलम बसू दे. ट्रेलर अजून पायथ्याला आला नाही."

बाबा, मी बघितलं लावून, पाच मिनिटं चालला, असे सांगायला तिने माइक ओठांशी नेला. अंगठा बटणावर होता.

"तोवर मघाचं सांगतो," सासरे म्हणाले. "घाईचं. तुझ्या सासूची गोष्ट आहे ती."

तिचा अंगठा बटणावरून सरकला.

सासूबाई तिने भिंतीवरच्या फोटोतच पाहिल्या होत्या. फोटोतही त्यांचे तोंड किंचित उघडे होते, जसे काही फोटोवाल्याला काही सांगता सांगता राहून गेले असावे. नवरा आईविषयी फारसे बोलायचा नाही आणि सासऱ्यांना विचारायची सोय नव्हती.

टँकरवाला हातवारे करून विचारत होता, सांगत का नाही? तिने ओठांवर बोट ठेवले आणि मग खाली त्याच्या गाडीकडे दाखवले. तो मान हलवत, उरलेली इस्त्री काखेत मारून निघाला. तिने दोर ओढून फाटक उघडले, टँकर वळणाआड गेला तसे बंद केले, आणि स्टूल सेटजवळ ओढून बसली.

"तेव्हा रेडिओ नव्हते," सासरे सांगत होते. "एक लोखंडी कडं होतं. शेवटच्या गाडीवाल्याकडं द्यायचं, ते समोरच्या फाटकावर पोचलं की त्या बाजूच्या गाड्या सोडायच्या. कडं हातात आल्याशिवाय दांडा उचलायचा नाही. मला चारच महिने झाले होते. एक बस वर आली. त्यातनं एक मुलगी उतरली, प्यायला पाणी मागितलं. पाणी पिता पिता बोलायला लागली. बसमधे कोण कोण होतं, कंडक्टर कसा खेकसला, समोरच्या डोंगराचा आकार कशासारखा दिसतो. ऐकतेयस?"

टक.

"बस निघायची वेळ झाली तरी ती बोलतच होती. मी ऐकत होतो. विटांचा ट्रक होता एक, त्यानं हॉर्न मारला, मी घाईत दांडा उचलला. कडं आलेलंच नव्हतं. खालची एक मोटार मागं राहिली होती. चौथ्या वळणावर दोघं समोरासमोर."

तिने नकळत माइक छातीशी धरला.

"मी पळत सुटलो. माझ्यामागं ती. विटांचा ट्रक मागं घ्यायचा, एका बाजूला दरी. माझ्या तोंडातनं शब्द फुटेना. तेव्हा ती ट्रकच्या मागं चालायला लागली आणि सांगायला लागली. डावीकडं, अजून डावीकडं, बास, आता सरळ, घाबरू नका, तुमच्या चाकाजवळ एक दगड आहे, तो गोल आहे, त्याच्यावरनं जा. दोन तास. ड्रायव्हर मला नंतर म्हणाला, बाई गप्प बसली असती तर मी गाडी सोडून पळालो असतो. बस तर केव्हाच गेली होती. मग तिला घरी पोचवायला मी—"

खाली हॉर्न वाजला, लांबलचक आणि ओळखीचा. टँकर पोहोचला होता. सासऱ्यांचे बटण दाबलेलेच होते, आणि त्यामागून टँकरवाल्याचा खणखणीत आवाज स्वच्छ ऐकू आला.

"आजोबा, सेट फर्स्टक्लास! बाईंनी दुसऱ्या चॅनेलवर लावून बघितला की, पाच मिनिटं, मीच तर बोललो—"

बटण सुटले.

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. माइक खाली ठेवावा की बोलून मोकळे व्हावे, तिला कळेना. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट गेले, मग दुसरे. खाली टँकर निघून गेल्याचा आवाजही आता यायला मार्ग नव्हता.

मग स्पीकर खरखरला. कुणीतरी घसा साफ केला.

"हं," सासरे म्हणाले. "तर कुठं होतो मी?"

ती उत्तर देऊ शकत होती. तिने दिले नाही.

"घरी पोचवायला गेलो. तिथनं पुढचं तुला माहीत आहे. सव्वीस वर्षं बोलली ती. मला बोलता येत नाही असं नाही. पण ती असताना गरज काय होती? मग ती गेली. घरात आम्ही दोघं बाप-लेक, भांड्यांचा आवाज होईल तेवढाच. वरच्या फाटकावर असताना ते फारसं जाणवायचं नाही. समोर डोंगर, रस्ता, सगळं हलतं दिसायचं. इथं खाली आलो तर खिडकीसमोर नुसता खडक. काळा. पहिले दिवस वाटायचं, घरीच बसावं."

चिमणी पुन्हा ऐकू आली.

"मग तू वरनं सांगायला लागलीस. दुसऱ्या वळणावर बकऱ्या बसल्यात. पिवळ्या बसचा ड्रायव्हर आज टोपी घालून आलाय. ऑफिसच्या वहीत त्यातलं काही लिहायचं नसतं. पण मी सेटचा आवाज मोठा करून ठेवतो. मला दिसतं इथनं." ते थांबले. "परवा जेवताना म्हणालो ते त्या ट्रान्झिस्टरसाठी होतं. तुला नव्हतं."

तिने बटण दाबले. एकदाच, पण जरा जास्तच वेळ दाबून ठेवले.

"आला बघ ट्रेलर," सासरे म्हणाले, पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात. "सोडतो. आता तुझं काम."

एक वाजून दहा मिनिटे झाली होती. तिने माइक दोन्ही हातांत घेतला आणि बोलायला सुरुवात केली. पहिल्या वळणाला चाक कठड्यापासून दोन हात. दुसऱ्याला रुंद घ्या, अजून, पुढचे तोंड खडकाला लागू द्यायचे नाही, आता वळवा, शाब्बास. खाली काडेपेटीपेक्षा मोठे न दिसणारे ते धूड गोगलगायीसारखे सरकत होते आणि तिचा आवाज त्याच्या पुढे पुढे चालला होता. मधूनच ती हात मागे नेऊन सेटची भिंत चाचपायची. भिंत गरम होती, जितकी असायला हवी तितकी. चौथे वळण गेले. पाचव्यावर ट्रेलरला दम खायला थांबवले, तेव्हाही ती थांबली नाही. दरीवर दोन घारी आल्यात, एक मोठी, एक लहान, लहान अजून शिकतेय. सहाव्या वळणाच्या कठड्यावर कुणाचा तरी एकच बूट ठेवलाय, नवा कोरा, नाडी बांधलेला. समोरच्या उतारावर रोलरनं केलेला नवा रस्ता ओला दिसतोय, ओला नाहीये, नुसता चमकतोय. चला, आता सातवं, उजवीकडं दाबून.

पाऊण तासाचा तास झाला. तिचा घसा सुकला, पण सेट बसला नाही.

ट्रेलर फाटकाशी येऊन उभा राहिला तेव्हा ती पायऱ्या उतरून खाली गेली. मागच्या गाडीवर ताडपत्री बांधलेला ट्रान्सफॉर्मर, एखाद्या खोलीएवढा. ट्रेलरवाला वयस्क होता, घामाने निथळत होता. खाली उतरून त्याने आधी चारी बाजूंनी चाके पाहिली, मग तिच्याकडे पाहिले.

"बाई, वळणं चोख सांगितलीत," तो म्हणाला. "तीस वर्षांत असं कुणी चढवलं नाही मला. फक्त एक कळलं नाही. त्या घारी, तो बूट, ते सगळं मला कशाला सांगत होतात?"

"ते तुम्हाला नव्हतं," ती म्हणाली, आणि हसत हसत त्याच्यासाठी दांडा उचलला.